विटा नेल्या, जमीन राहिली: व्होल्गाकाठचं सराय कसं खणतात

प्रश्न असा आहे: "चंगीज खानाचे वंशज तंबूत राहायचे आणि कळपांमागे फिरायचे. मग स्टेपच्या गवताळ मैदानात 'मध्ययुगीन शहराचं उत्खनन' चालतं म्हणजे नक्की काय खणतात? आणि कच्च्या विटांची भिंत मातीतच गाडली गेली असेल, तर भिंत कुठली आणि माती कुठली हे कळतं कसं?"

मी व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यातल्या वस्त्यांवर काम केलं आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. दक्षिण रशियातल्या आस्त्राखान शहराच्या उत्तरेला, व्होल्गाला समांतर वाहणाऱ्या अख्तुबा नदीच्या डाव्या काठावर सेलित्रेन्नोये नावाचं खेडं आहे. त्याच्या आजूबाजूला गोल्डन होर्डच्या, म्हणजे चंगीजच्या वंशजांनी पश्चिम स्टेपवर उभारलेल्या मंगोल राज्याच्या, सराय या राजधानीचे अवशेष पसरलेले आहेत.

आधी तंबू आणि शहर यांचं भांडण मिटवू. १२५३-५४ मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू चंगीजच्या नातवाच्या, बातूच्या, छावणीत जाऊन आला. बातू जानेवारीपासून नदीकाठाने उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टपासून पुन्हा खाली येतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. चाकांच्या गाड्यांवर लादलेली घरं त्याने पाहिली. एका गाडीला अकरा-अकराच्या दोन रांगांत बावीस बैल जुंपलेले त्याने मोजले. आणि याच माणसाने बातूने व्होल्गाकाठी नव्याने वसवलेल्या सराय या गावाचाही उल्लेख केला आहे. खान फिरतीवर असायचा, पण त्याचा खजिना, टांकसाळ, लोहार, कुंभार, कारकून आणि व्यापारी यांना एका जागी राहावं लागायचं. शहर त्यांचं होतं. मध्य आशियातलं ख्वारझम, व्होल्गा बल्गार, रशियन संस्थानं, कॉकेशस अशा ठिकाणांहून माणसं आली. काही पोटापाण्यासाठी आली, बरीचशी कैदी म्हणून आणली गेली.

१३३० च्या दशकात उझबेग खानाच्या काळात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे पोचला. आपण सकाळी घोड्यावरून शहराच्या एका टोकाकडून निघालो आणि दुपार उलटल्यावर दुसऱ्या टोकाला पोचलो, असं तो सांगतो. जुम्म्याच्या नमाजाच्या तेरा मशिदी त्याने नोंदवल्या आहेत. मंगोल, किपचाक, अस म्हणजे ओसेती, चेर्केस, रशियन, रूमी म्हणजे बायझंटाइन असे लोक वेगवेगळ्या मोहल्ल्यांत राहत आणि प्रत्येकाचा बाजार वेगळा होता, हेही त्याने लिहिलं आहे. प्रवाशांच्या वर्णनात थोडी भर घातलेली असतेच. पण अख्तुबाच्या काठाने चालत जा, खापरं, विटांचे तुकडे आणि निळ्या झिलईच्या ठिकऱ्या पायाखाली येतच राहतात. या बाबतीत बतूतावर अविश्वास दाखवायला जागा नाही.

आता खणणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पांढरीचं टेकाड म्हटलं की वर मराठेशाहीची खापरं, खाली यादवकाळ, त्याखाली सातवाहन, कधी तळाशी ताम्रपाषाणयुग, अशी उतरंड डोळ्यांपुढे येते. सरायमध्ये तसं काही नाही. कोऱ्या स्टेपवर, खानाच्या हुकमाने, बघता बघता शहर उभं राहिलं आणि शंभर-सव्वाशे वर्षांत उजाडलं. वस्तीचा थर बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंतच भरतो. त्यामुळे "कोणत्या शतकातलं?" हा प्रश्न तिथे जवळजवळ निरुपयोगी आहे. सगळं एकाच शतकातलं असतं. विचारायचं असतं ते "१३४० चं की १३६० चं?" आणि त्यासाठी बोटभर जाडीचा थरही वाया घालवून चालत नाही.

दुसरी अडचण विटांची. १३९५ मध्ये गोल्डन होर्डचा खान तोख्तामिश याचा पाठलाग करत आलेल्या तैमूरच्या फौजेने व्होल्गाकाठची शहरं उद्ध्वस्त केली. पण भिंती नाहीशा होण्याचं श्रेय एकट्या तैमूरला देता येणार नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस झार फ्योदोर इवानोविचच्या कारकिर्दीत आस्त्राखानचं क्रेमलिन, म्हणजे किल्ला, बांधलं गेलं, तेव्हा सरायच्या इमारती फोडून भाजलेल्या विटा तिकडे नेण्यात आल्या. पुढे शहराची माती आणि उकिरडेही सुटले नाहीत. शतकभर साचलेली राख, शेण आणि सांडपाणी यांमुळे त्या मातीत सोरा भरपूर होता. बंदुकीच्या दारूसाठी तो काढायचा कारखाना तिथे निघाला आणि खेड्याचं नावही त्यावरूनच पडलं. विटा गेल्या, माती गेली, आणि उरलेलं गावकऱ्यांनी चुलीला आणि गोठ्याला वापरलं.

म्हणूनच मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो की इथे भिंती शोधू नका. घराची जमीन शोधा.

भाजक्या विटांची इमारत तिथे खणायला घेतली की बहुतेक वेळा भिंतीची फक्त जागा मिळते. विटा काढायला आलेला माणूस भिंतीच्या कडेने चर खणत पायापर्यंत जातो. अख्खी वीट उचलतो, तुटकी तिथेच टाकतो, विटेला चिकटलेलं जिप्सम, म्हणजे विटा जोडायचा पांढरा गारा, ठोकून झटकतो. पुढे त्या चरात वाऱ्याने आणलेली वाळू, विटांचा चुरा, जिप्समचे पांढरे खडे आणि रंगीत टाइलच्या ठिकऱ्या भरत जातात. परिणाम असा की भिंत जिथे होती तिथे आज भुसभुशीत पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कडक तुडवलेली जमीन असते. खुरपी हातात असताना हा फरक आधी मनगटाला कळतो, डोळ्यांना नंतर. कडक जमिनीवर खुरपी खरखरते, चरातल्या भरावात ती आवाज न करता आत जाते. तो भराव सावकाश उपसला की भिंतीचा साचाच हाती लागतो: जाडी, कोपरा, दाराची जागा, कधी तळाची शिल्लक राहिलेली एक ओळ. विटा साधारण २५ सेंटिमीटरच्या चौरस आणि पाचेक सेंटिमीटर जाडीच्या असतात, त्यामुळे साच्याच्या रुंदीवरून भिंतीत किती विटा आडव्या बसत होत्या याचा हिशेबही लागतो.

इथे एक सावधगिरी अत्यंत जरुरीची आहे. चरातल्या भरावात सापडलेलं नाणं किंवा खापर इमारतीचं वय सांगत नाही. विटा काढणारा कधी आला होता, त्याबद्दल ते काहीतरी सांगतं. जुन्या अहवालांत हा घोटाळा जागोजाग सापडतो, कारण तेव्हा चराचा भराव वेगळा न काढता घरातल्या थराबरोबर एकत्रच उपसला जायचा.

कच्च्या विटांचं आणि लाकडी सांगाड्याच्या घरांचं गणित वेगळं आहे, आणि तुमचा दुसरा प्रश्न त्याबद्दलच आहे. कच्ची वीट ढासळली की तिची माती होते, आणि ती आजूबाजूच्या मातीसारखीच दिसते. तरी फरक उरतो. विटेच्या मातीत भुसा किंवा चिरलेलं गवत मिसळलेलं असतं. ते कुजून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात. विटा घडवायला माती बहुधा एखाद्या खड्ड्यातून काढलेली असते, तिचा रंग वस्तीतल्या राखाळ मातीपेक्षा स्वच्छ पिवळट किंवा तांबूस असतो. दोन विटांमधला गारा विटेपेक्षा किंचित वेगळा असतो.

हे बघायचं कसं? पृष्ठभाग धारदार फावड्याने एकसारखा तासून घ्यायचा आणि त्यावर पाठीवरच्या फवारणी पंपाने पाण्याचा बारीक तुषार मारायचा. ओल्या मातीचे रंग उठतात. मग खरी गंमत ती वाळताना होते. विटा आणि गारा सारख्या वेगाने वाळत नाहीत. काही मिनिटांपुरती सांध्यांची जाळी स्पष्ट दिसते आणि पुन्हा पुसली जाते. तेवढ्यात खुरपीच्या टोकाने कडा कोरून ठेवायच्या आणि फोटो काढायचा. सूर्य वर आला की काहीच दिसत नाही. म्हणून हे काम पहाटे किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात करतात आणि दुपार खापरं धुण्यात घालवतात. जुलैत तिथे पारा चाळिशीच्या आसपास जातो, वारा कोरडा असतो, आणि सकाळी आठला दिसलेली भिंत अकराला "नाही" म्हणून सांगितली तर कुणाला खोटं वाटू नये. उघडलेला चौकोन एक-दोन दिवस तसाच सोडला तरी मदत होते. वाळलेल्या कच्च्या बांधकामाला तडे जातात आणि पुष्कळदा ते विटांच्या सांध्यांवरून जातात.

आता घराच्या जमिनीकडे येऊ. या वस्त्यांचं खरं वैभव माझ्या मते तिथेच आहे.

सरायमधलं मध्यम ऐपतीचं घर म्हणजे चार ते सहा मीटर बाजूची एक चौरस खोली. दार बहुधा दक्षिणेला. भिंती लाकडी सांगाड्याच्या किंवा कच्च्या विटांच्या, कधी खाली भाजक्या विटांचं जोतं. दारातून आत आलं की समोर आणि दोन्ही हातांना मातीचा रुंद ओटा, तीन भिंतींना लागून. माणसं त्यावर बसत, जेवत, झोपत. ओट्याच्या एका टोकाला भट्टी. तिचा धूर थेट वर जात नसे. ओट्याच्या पोटातून दोन-तीन नळ्या काढलेल्या असत, गरम धूर त्यांतून सगळा ओटा फिरून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडे. हिवाळ्यात उणे वीस-पंचवीस अंशांच्या थंडीत ऊबदार ओट्यावर झोपायची ही सोय उत्तर चीन आणि मंगोलियाकडून आली. त्याच घरात रोट्या भाजायचा तंदूर असतो, तो मध्य आशियाचा. आणि दाराजवळ, ओट्यांच्या मधल्या जमिनीत, हातपाय धुवायची मोरी असते, तीही ख्वारझमकडची. एका खोलीत हजारो किलोमीटर अंतरावरच्या मुलखांच्या सवयी एकत्र नांदताना दिसतात. मंगोल साम्राज्याने जग जोडलं असं आपण नेहमी वाचतो, ते जोडलं जाणं इथे पाच मीटरच्या चौकोनात हाताने मोजता येतं.

असा ओटा खणताना घाई केली की तो कायमचा गेला. वरून बघता तो नुसता मातीचा उंचवटा असतो. तासून स्वच्छ केलं की त्यात काळे लांबट पट्टे उमटतात, त्यांच्या कडा तांबड्या भाजलेल्या. काळा भाग म्हणजे काजळी आणि कोसळलेलं छत, तांबडी कडा म्हणजे नळीची भिंत. नवखा माणूस त्या पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने उपसत जातो, आणि शेवटी त्याच्या हातात एक रिकामी नाली राहते. ती किती वेळा दुरुस्त केली होती, छत कशाचं होतं, हे सांगणारा पुरावा घमेल्यातून बाहेर गेलेला असतो. बरोबर पद्धत अशी की पट्ट्याला काटकोनात आडवा छेद घ्यायचा, आधी एक अर्धा भाग खणायचा, छेदाचं चित्र काढायचं आणि मग दुसऱ्या अर्ध्याला हात लावायचा. त्या छेदात दिसतं की तळाशी काजळीचा बारीक थर आहे, त्यावर नवा लिंपलेला गिलावा, पुन्हा काजळी. म्हणजे घरात माणसं टिकून राहिली, दर काही वर्षांनी ओटा दुरुस्त करत राहिली. एकच पातळ काजळीचा थर असेल तर घर फार दिवस नांदलं नाही. काजळी आणि राखेचे नमुने वेगळे पिशवीबंद करायचे. लाकूड जळत होतं, बोरू जळत होता की गोवऱ्या, हे पुढे प्रयोगशाळेत कळतं.

मोरी तर माझी विशेष आवडती. जमिनीत बसवलेली एक भाजकी वीट, तिला पाणी जायला भोक. काही ठिकाणी हे भोक फुलासारखं कोरलेलं असतं. हातपाय धुवायच्या जागीही कुणाला नक्षी करावीशी वाटली, हे पाहून दरवेळी बरं वाटतं. विटेखाली खोल खड्डा किंवा तळ फोडून उलटा पुरलेला रांजण, त्यातून पाणी जमिनीत मुरत जाई. त्या रांजणातला गाळ सगळाच्या सगळा पाण्यात कालवून बारीक चाळणीतून काढायचा. बोटांतून निसटलेल्या वस्तू तिथे अडकतात: मणी, तांब्याचं नाणं, सुई, माशांचे खवले आणि काटे. व्होल्गाच्या काठावर स्टर्जन माशांची रेलचेल होती आणि घराघरांत तो खाल्ला जायचा. नुसत्या हाताने खणलं तर मेंढी, गाय आणि घोडा यांचीच हाडं मिळतात आणि आपण समजतो की ही माणसं फक्त मांसच खात होती.

श्रीमंतांची वस्ती वेगळी ओळखू येते. सेलित्रेन्नोयेला अनेक खोल्यांचं एक मोठं घर उघडलं गेलं. त्यात मधोमध प्रशस्त बैठक, विटांची फरशी आणि हौद होता. अशा इमारतींच्या भिंतींवर निळ्या, पिरोजी, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांच्या टाइलची नक्षी असायची. व्होल्गाच्या वरच्या अंगाला, आजच्या व्होल्गोग्राद प्रांतातल्या त्सारेव इथे मोठे वाडे मिळाले: कुंपणाची भिंत, आत मुख्य घर, पाण्याचा तलाव, पाट, आणि कुंपणाच्या कडेला जमिनीत खणलेली खोपटी. पुरातत्त्वज्ञ गेर्मान फ्योदोरोव-दाविदोव यांनी ही खोपटी कैदी मजुरांची म्हणून ओळखली. पुढच्या थरात खोपट्यांच्या जागी छोटी स्वतंत्र घरं दिसतात, त्यावरून त्यांनी असं मांडलं की गुलाम हळूहळू घरदार असलेले कूळ बनत गेले. मला हा तर्क मोलाचा वाटतो. तरी प्रत्येक खोपटं याच साच्यात बसवू नये. नव्या शहरात पहिला हिवाळा काढायला कारागीरही जमिनीत घर खणतो. खोपट्यात साखळदंड सापडत नाही, चूल सापडते. ती किती काळ पेटली आणि शेजारच्या वाड्याशी त्या जमिनीचा थर जोडला जातो का, हे बघूनच बोलावं.

फ्योदोरोव-दाविदोव यांचं नाव आलं म्हणून खणण्याच्या पद्धतीबद्दल सांगतो. त्सारेवला पहिलं मोठं खोदकाम अलेक्सांद्र तेरेश्चेन्को यांनी १८४३ ते १८५१ या काळात केलं. हजारो वस्तू निघाल्या, त्यांतल्या पुष्कळ पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात गेल्या. पण कुठली वस्तू कुठल्या घरातली, कुठल्या खोलीवर, याची धड नोंद नाही. सुंदर वाडगा आहे आणि त्याला घरच नाही, अशी अवस्था. फ्रान्झ बालोद यांनी १९२० च्या आसपास, यादवी युद्धाच्या धामधुमीत, पुन्हा काम सुरू केलं. आणि १९५९ पासून मॉस्को विद्यापीठाच्या फ्योदोरोव-दाविदोव यांची व्होल्गा मोहीम सुरू झाली, ती दशकानुदशकं चालली. त्यांनी मोठमोठे सलग तुकडे उघडले, दोन-दोन मीटरच्या चौकोनांत आखून. हा निर्णय अगदी योग्य होता. पातळ थराच्या, पसरट शहरात चार खोल खड्डे घेऊन काहीच कळत नाही. घर, अंगण, गल्ली, शेजारचं घर असं एकत्र दिसावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने आडवं उत्खनन करूनच घरांची मांडणी आणि त्यातून गावातली सामाजिक उतरंड दाखवली, तोच धडा.

त्या काळी वीस-वीस सेंटिमीटरच्या सपाट कापांनी खाली जायची रीत होती. ती मात्र मला पटत नाही. घराची जमीन सपाट नसते, ती दाराकडे उतरते, ओट्याशी चढते. सरळ रेषेत वीस सेंटिमीटर कापलं की एका कोपऱ्यात तुम्ही घराच्या जमिनीवर असता आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती फोडून खाली गेलेले असता, आणि दोन्हीकडची नाणी एकाच पिशवीत पडतात. आता अनेक पथकं थराच्या नैसर्गिक उतारानेच उतरतात आणि प्रत्येक नाण्याची जागा टोटल स्टेशन या मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजून घेतात.

नाण्यांवर एवढा भर कशासाठी? गोल्डन होर्डची तांब्याची नाणी, ज्यांना पूल म्हणत, पुन्हा पुन्हा नव्या छापाची काढली जात. सिंह आणि सूर्याचा पूल हिजरी ७३७ चा, म्हणजे १३३६-३७ चा. आठ पाकळ्यांच्या फुलाचा, नव्या सरायच्या टांकसाळीचा पूल उझबेगचा मुलगा जानीबेग याच्या काळातला, १३५० च्या दशकातला. खिझर खानाचे पूल १३६० च्या आसपासचे. ही चिल्लर लोकांच्या हातून रोज पडत असे, म्हणून घराच्या जमिनीवर तुडवलेला पूल त्या जमिनीची तारीख जवळजवळ दशकापर्यंत आणून सोडतो. चांदीचं नाणं तेवढं उपयोगी पडत नाही, ते माणूस जपून ठेवतो, वाकून उचलतो.

याच नाण्यांनी एक जुना वाद उलटवला. लेखी साधनांत दोन सराय आहेत, एक बातूचं आणि दुसरं "सराय अल-जदीद" म्हणजे नवं. बालोद यांनी सेलित्रेन्नोयेला जुनं आणि त्सारेवला नवं सराय मानलं, आणि पाठ्यपुस्तकांत तेच रुजलं. पण सेलित्रेन्नोयेची नाणी मोजली तर १३३० च्या आधीची फारच थोडी. बातूने १२५० च्या सुमारास वसवलेल्या शहराची नाणी ऐंशी वर्षं उशिरा का सुरू व्हावीत? त्यावरून अनेक रशियन अभ्यासक आता सेलित्रेन्नोयेलाच नवं सराय मानतात, जुनं सराय दक्षिणेला क्रास्नी यारच्या परिसरात शोधतात आणि त्सारेवला गुलिस्तान हे टांकसाळीचं शहर ठरवतात. मला नाण्यांचा युक्तिवाद वजनदार वाटतो. आस्त्राखानचे जुने मार्गदर्शक अजून "सराय-बातू" म्हणतात, त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, पण शोधनिबंधात हे नाव वापरताना विचार करावा.

शहराच्या शेवटाचा पुरावाही जमिनीतच आहे. १३४६ मध्ये प्लेगची साथ या शहरांत पोचली. १३५९ नंतरच्या वीसेक वर्षांत वीसहून अधिक खान गादीवर येऊन गेले. तोवर ही शहरं तटबंदीशिवाय उघडी वसलेली होती. स्टेपवर आपल्यालाच कोण हात लावणार, हा त्यांचा विश्वास होता. त्सारेवला तट आणि खंदक उठले ते या धामधुमीत. वाडे ओस पडले आणि अनेक ठिकाणी पडक्या घरांत लोकांनी आपली माणसं पुरली. खणताना ओट्याच्या काजळीत अचानक एक लांबट, मऊ मातीचा आयत दिसतो, त्यात डोकं पश्चिमेला आणि चेहरा दक्षिणेला, किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवलेला सांगाडा असतो. त्या कबरीचा खड्डा कुठल्या थरावरून खणला आहे, हे छेदात ओळखणं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम. घर चालू असताना तिथे कुणी पुरलं नाही. घर विसरलं गेल्यावर पुरलं. म्हणजे घर ओस पडणं आणि कबर खणली जाणं यांच्यामध्ये वाऱ्याने आणलेल्या मातीचा थर असायला हवा. तो दिसला तर क्रम पक्का.

कारागिरीबद्दल थोडंच लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. सेलित्रेन्नोयेला मातीच्या भांड्यांच्या मोठ्या भट्ट्या आणि कारखाने निघाले. पांढऱ्या गाभ्याची, गारगोटीच्या भुकटीत काचेचा चुरा आणि थोडी पांढरी माती मिसळून केलेली कशीनची भांडी तिथे घडत होती. ती इराणहून आयात झालेली नव्हती, हे भट्टीत एकमेकांना चिकटून बिघडलेल्या वाडग्यांवरून आणि भांड्यांखाली ठेवायच्या छोट्या तिवयांवरून सिद्ध होतं. बिघडलेला माल कुणी आयात करत नाही. ओतीव लोखंडाच्या कढयाही व्होल्गाकाठी तयार होत.

आपल्याशी यांचा संबंध काय, असं प्रश्नात नाही, पण वाचणाऱ्यांना उत्सुकता असेल. किपचाक स्टेपवरून हिंदुस्थानात घोडे जात, हे इब्न बतूताने सविस्तर लिहिलं आहे. सहा-सहा हजारांचे तांडे, त्यात एकेका व्यापाऱ्याचे शे-दोनशे घोडे. स्टेपवर कवडीमोलाने मिळणारा घोडा सिंध-मुलतानची जकात भरूनही दिल्लीच्या मुलखात भरघोस नफा देई. उलट दिशेने गेलेला पैसाही सापडतो: व्होल्गाच्या खोऱ्यात दिल्लीच्या सुलतानांची सोन्याची नाणी मिळाली आहेत. आणि सरायमध्ये फिरलेला हाच बतूता काही वर्षांनी दौलताबादला येऊन गेला, तिथला किल्ला आणि मराठे यांच्याबद्दल त्याने लिहिलं.

आज खणण्याआधी बरंच काम वरूनच होतं. चुंबकीय सर्वेक्षणात भट्ट्या, तंदूर आणि भाजलेल्या विटांचे ढीग ठळक उमटतात, कारण भाजलेल्या मातीची चुंबकीय खूण टिकते. ड्रोनच्या फोटोंत सकाळच्या लांब सावल्यांनी जुने पाट आणि वाड्यांची कुंपणं दिसतात. १९६० च्या दशकातले, पुढे खुले केलेले, अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांचे फोटो फार कामाचे आहेत. त्यानंतर जे नांगरलं गेलं किंवा ज्यावर बांधकाम झालं, ते त्यांत जसंच्या तसं आहे. काही वस्त्या मात्र आता जुन्या नोंदींतच उरल्या किंवा झिजत चालल्या आहेत. डोन नदीवरचा सार्केल हा खझारांचा, म्हणजे मंगोलांच्या आधी स्टेपवर राज्य केलेल्या लोकांचा, विटांचा किल्ला त्सिम्ल्यान्स्क धरणाच्या पाण्याखाली गेला. त्याआधी मिखाईल आर्तामोनोव यांच्या पथकाने १९४९ ते १९५१ मध्ये घाईघाईने जेवढं खणता आलं तेवढं खणलं. दुबोव्काजवळची वोद्यान्स्कोये वस्ती व्होल्गोग्रादच्या जलाशयाच्या लाटांनी काठाकाठाने ढासळते आहे.

पाण्याहून मोठा धोका मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यांचा. तुम्ही आता समजू शकाल की त्यांच्यामुळे नक्की काय जातं. त्यांनी नेलेला तांब्याचा पूल बाजारात चार पैशांचा असतो. पण तो ज्या जमिनीवर पडला होता तिची तारीख त्याच्याबरोबर जाते, आणि खड्डा त्या जमिनीला भोक पाडून जातो. रशियाने २०१३ मध्ये कायदा कडक केला. परवान्याशिवाय असा शोध घेणं हा गुन्हा ठरला. तरी साइटवर गेलं की ताजे खड्डे दिसतात आणि रक्त उसळतं.

शेवटी, खणून झालेल्या जागेचं काय करायचं, हेही सांगायला हवं, कारण स्टेपवर तो अर्धा प्रश्न असतो. कच्च्या विटांचा ओटा उघडा ठेवला तर पहिल्या हिवाळ्यात त्यात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि कडा सोलून काढतं. दोन हिवाळ्यांत तिथे मातीचा ढिगारा राहतो. म्हणून मोजणी, चित्रं आणि फोटो पूर्ण झाले की चौकोन पुन्हा बुजवायचा. तळाला कापड अंथरून त्यावर आधी चाळलेली वाळू, मग उपसलेली माती. कापडामुळे उद्याच्या पथकाला आपण कुठवर आलो होतो ते कळतं. भेट देणाऱ्यांना हे आवडत नाही, "एवढं खणलं आणि बुजवलं?" असं विचारतात. पण जिथे छप्पर, निचरा आणि रखवालदार यांची कायमची सोय नाही, तिथे बुजवणं हेच जतन. वस्तू संग्रहालयात जातात आणि चित्रांसह पूर्ण अहवाल मॉस्कोच्या पुरातत्त्व संस्थेकडे जातो. तो मुदतीत दिला नाही तर पुढचा परवाना अडू शकतो, आणि ही अट मला पूर्णपणे मान्य आहे.